अंगावरची बाकी : मुरबाडमधल्या एका कातकरी कुटुंबाचं प्रकरण

या प्रकरणातल्या माणसांची नावं बदलली आहेत. गाव, वाडी आणि वीटभट्टीचा पत्ता मुद्दाम दिलेला नाही. हिशेबातले आकडे मात्र भट्टीवरच्या वहीतून मी स्वतः उतरवून घेतले होते. मी ठाण्यात राहते आणि मुरबाड तालुक्यातल्या काही वाड्यांवर एका छोट्या गटाबरोबर काम करते. प्रकरण २०२३ सालचं आहे. यातली सर्वांत मोठी चूक आमच्या हातून झाली, म्हणूनच ते सविस्तर लिहिते आहे.

पार्श्वभूमी

सोमा आणि जनी हे कातकरी आदिवासी जोडपं आहे. त्यांना दोन मुलं असून थोरला तेव्हा चौथीत जायचा होता. घरात सोमाची म्हातारी आईही आहे. वनहक्क कायद्याखाली त्यांना २२ गुंठ्यांचा पट्टा मिळालेला आहे. त्यातला निम्मा उतार वरी-नाचणीपुरता आणि खाली भाताची तीन लहान खाचरं. चांगल्या वर्षी त्यात चार महिने पुरेल एवढं भात होतं. उरलेले आठ महिने अंत्योदय रेशन कार्डावरचं महिन्याला ३५ किलो धान्य आणि मजुरी यांवर निघतात.

मुरबाड, शहापूरच्या वाड्यांवर दिवाळी झाली की घरं रिकामी होतात. भिवंडी, कल्याण, अंबरनाथच्या पट्ट्यात वीटभट्ट्या आहेत. तिथे नवरा-बायकोची जोडी मिळून विटा थापते आणि मजुरी हजारी विटांवर ठरते. आठवड्याला हातात पडते ती फक्त खर्ची, म्हणजे मीठ-मिरची, तेल, बाजार यांपुरते पैसे. बाकीचा हिशेब हंगामाच्या शेवटी, उचल म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे वजा करून. वर्षभराची कमाई किती हे जोडप्याला मे महिन्याच्या अखेरीस कळतं, आणि तेही शेट, म्हणजे भट्टीमालक, वाचून दाखवेल तेवढंच.

सोमा-जनी तीन वर्षं एकाच भट्टीवर जात होते. भट्टी जिल्ह्यातल्याच दुसऱ्या तालुक्यात होती, वाडीपासून दोन बस बदलून साधारण अडीच तासांवर. हे अंतर लक्षात ठेवण्याजोगं आहे. माणसं परराज्यात गेलेली नव्हती, एकाच जिल्ह्यात होती, आणि तरीही त्यांना घरी येता येत नव्हतं.

अडचण

१५ जूनला शाळा उघडली. थोरला मुलगा आला नाही. जुलैच्या पहिल्या आठवड्यात शाळेतल्या गुरुजींनी मला फोन केला, "ताई, यंदा वाडीतली सगळी पोरं परत आलीत, हा एकटाच राहिलाय. आजी म्हणते शेट सोडत नाही." मी ८ जुलैला वाडीवर गेले. म्हातारी पडवीत बसली होती. समोर राबात, म्हणजे भाताच्या रोपवाटिकेत, रोप हिरवंगार उभं होतं. तिने एकटीने राब भाजला होता आणि बी टाकलं होतं. त्या वर्षी मुंबई-ठाण्याकडे मोसमी पाऊस २५ जूनला, नेहमीपेक्षा बऱ्याच उशिरा पोचला, त्यामुळे रोप लहान होतं. पण तीन आठवड्यांचं झालं की ते लावायलाच हवं. महिना उलटला की ते जून, म्हणजे राठ होतं, फुटवे कमी येतात आणि भात कमी पिकतं. म्हणजे आमच्या हातात १६ जुलैपासून फार तर २५ जुलैपर्यंतचा वेळ होता.

दुसऱ्या दिवशी भट्टीवर गेलो. भट्टी बंद होती, कच्च्या विटांवर प्लास्टिक ओढलेलं होतं. सोमा आणि जनी शेटच्या भाताच्या शेतात चिखलणी करत होते. शेटने आम्हाला बसवलं, चहा दिला आणि न विचारता वही पुढे केली. त्याच्या मते लपवण्यासारखं काही नव्हतं.

वहीतला हिशेब असा होता. आदल्या वर्षीची बाकी ११,००० रुपये. भाद्रपदात घेतलेली उचल १२,०००. दिवाळीला निघताना ८,०००. सत्तावीस आठवड्यांची खर्ची, दर आठवड्याला १,०००, म्हणजे २७,०००. शिमग्याला घरी जाताना ३,००० आणि धाकट्याच्या तापाला २,५००. एकूण ६३,५००. दुसऱ्या बाजूला ९४,००० विटा लिहिलेल्या होत्या आणि हजारी दर ६५० रुपये. पण त्यातल्या १८,००० विटांवर आडवी रेघ मारलेली होती. मी रेघेकडे बोट दाखवलं. शेट म्हणाला, "त्या पावसात गेल्या." २०२३च्या मार्चमध्ये अवकाळी पाऊस झाला, तेव्हा वाळत घातलेल्या कच्च्या विटांचा पुन्हा चिखल झाला होता. थापल्या होत्या जनी आणि सोमाने, गेल्या पावसाने, आणि तोटा लिहिला गेला त्या दोघांच्या नावावर. म्हणून मजुरी ७६,००० विटांची धरली, ४९,४०० रुपये. अंगावर बाकी राहिली १४,१००.

मी तिथेच मोबाइलवर बेरीज केली. पावसात गेलेल्या विटांचे ११,७०० रुपये धरले असते तर बाकी फक्त २,४०० राहत होती. मागल्या वर्षीची बाकीही अशीच कुठूनतरी आलेली. ती बाजूला ठेवली तर उलट शेटनेच या जोडप्याचे ८,६०० रुपये देणं होतं. सात महिने पहाटे तीनला उठून गारा, म्हणजे विटांचा चिखल, तुडवलेल्या माणसांचं हे येणं वहीत मात्र देणं होऊन बसलं होतं.

बाकी फिटेपर्यंत दोघांनी त्याच्या शेतात राबायचं असं शेटने ठरवलं होतं. माणशी दिवसाला २०० रुपये धरायचे, आणि तेही शेतातल्या कामाचेच दिवस धरायचे. त्या वर्षी सोमाच्या गावात आवणीला, म्हणजे भातलावणीला, ३५० रुपये आणि दुपारचं जेवण असा दर चालू होता. पाऊस उशिरा आल्याने जूनभर शेतात काम नव्हतं, पण खर्ची चालूच होती आणि ती बाकीवर चढत होती. कुटुंबाचं रेशन कार्ड शेटच्या कपाटात होतं. तो म्हणाला, "सांभाळायला दिलंय त्यांनीच."

इकडे सोमाच्या गावातले शेतकरीही अडचणीत होते. गावातली तरुण पोरं मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत नाहीतर भिवंडीच्या गोदामांत जातात. आवणीला माणूस मिळत नाही, म्हणून काही खाचरं ओसाड पडू लागली आहेत. वाडीतली प्रत्येक जोडी त्यांना हवी असते. मजुरीला माणूस नाही म्हणून ओरडणारं गाव आणि २०० रुपयांवर अडकवून ठेवलेली माणसं एकाच जिल्ह्यात, एकाच पंधरवड्यात होती.

समोरचे पर्याय

त्या रात्री कल्याणच्या एस. टी. स्टँडवर आम्ही तिघं बसलो होतो. चार गोष्टी करता येत होत्या.

पहिला रस्ता कायद्याचा. वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा १९७६चा आहे. उचल घेतली म्हणून माणसाला कुठे जायचं, कोणाकडे काम करायचं याचं स्वातंत्र्य उरत नसेल, तर ती वेठबिगारीच. या कायद्याने असं कर्ज आपोआप संपतं आणि ते वसूल करणं हाच गुन्हा ठरतो. कर्ज वेठबिगारीचं नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी पैसे देणाऱ्यावर असते, मजुरावर नसते. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवणं ही सक्तीची मजुरीच आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८२मध्ये एशियाडच्या, म्हणजे आशियाई खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या प्रकरणात सांगितलेलं आहे. अर्ज भट्टी ज्या उपविभागात तिथल्या प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे, किंवा तहसीलदाराकडे जातो. मुक्तता प्रमाणपत्र मिळालं की ३०,००० रुपयांपर्यंत तातडीची मदत आणि पुढे पुनर्वसनाचे पुरुषाला १ लाख, स्त्रीला २ लाख मिळू शकतात. अडचण वेळेची होती. अर्ज, चौकशी, जबाब यांत पंधरा दिवस सहज जातात, आणि रोप तर थांबणार नव्हतं.

दुसरा रस्ता पोलिसांचा. आदिवासी माणसाला वेठीला धरणं हा अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालीही गुन्हा आहे. सोमाने याला हात जोडले. "ताई, केस नको. पुढल्या साली आमाला कोन उचल देल?"

तिसरा म्हणजे रात्रीतून निघून येणं. वाडीवर लोक हेच करतात. पण कार्ड, भांडी, कपडे तिथेच राहतात, आणि शेटची गाडी वाडीवर येते. अशी गाडी आली की भीती एका घरापुरती राहत नाही.

चौथा रस्ता तडजोडीचा. शेटशी बोलायचं, थोडे पैसे टाकायचे आणि माणसं घेऊन यायचं.

आम्ही चौथा निवडला. कारण एकच, रोप. आणि सोमाचं म्हणणंही तेच होतं.

काय केलं

११ जुलैला पुन्हा भट्टीवर गेलो. शेटला कायदा सांगितला, आवाज न चढवता. तो चिडला नाही, जरा गप्प झाला. मग म्हणाला, "मी काय त्यांना बांधून ठेवलंय का? माझे पैसे द्या आणि घेऊन जा." घासाघीस होऊन ६,००० वर ठरलं. ते आम्ही आमच्या गटातून दिले. शेटने १०० रुपयांचा स्टँप पेपर आणून ठेवला होता. त्यावर त्याच्या मुलाने लिहिलं की मजुराकडून येणे असलेल्या १४,१०० रुपयांपैकी ६,००० मिळाले, उरलेली रक्कम माफ केली, आता एकमेकांविरुद्ध कसलीही तक्रार नाही. सोमाने अंगठा दिला, जनीनेही दिला. साक्षीदार म्हणून मी सही केली.

कपाटातून कार्ड निघालं. टेंपोत दोन पातेली, गोधड्या, मुलं आणि एक कोंबडी चढली. संध्याकाळी सगळे वाडीवर पोचलो. म्हातारी काही बोलली नाही. तिने नातवाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि चूल पेटवायला आत गेली.

१६ तारखेला सोमाच्या खाचरात आवणी सुरू झाली. मीही गेले होते. जनी प्लास्टिकचा कागद डोक्यावरून घेऊन वाकून रोप लावत होती आणि मी तिला मुठी देत होते. तासभर नुसता पाऊस आणि चिखलात हात गेल्याचा आवाज होता. मग ती मान वर न करता म्हणाली, "मला तक्रार करायची व्हती." शेटच्या पोराने मार्चमध्ये, विटा वितळल्या त्या दिवशी, तिच्या अंगावर हात टाकला होता. ढकललं होतं आणि शिव्या दिल्या होत्या. मी विचारलं, मग त्या दिवशी का नाही सांगितलं? ती म्हणाली, "तुमी सोमाला इचारलं. मला कुठं इचारलं?"

खरं होतं. दोन्ही वेळा आम्ही सोमाशी बोललो होतो. जनी तिथेच उभी होती, आणि ती सोबत आहे म्हणजे तिचं मतही तेच असणार, असं आम्ही धरून चाललो. थापलेल्या प्रत्येक विटेत तिची निम्मी मेहनत होती. तरी वहीत नाव एकट्या सोमाचं होतं, आणि आमच्या डोक्यातही तसंच.

आवणी आटोपल्यावर तिच्या सांगण्यावरून ऑगस्टमध्ये प्रांत कार्यालयात अर्ज केला. जुलैच्या शेवटी जिल्हाभर पावसाने धुमाकूळ घातला होता, महसूलचे लोक पंचनाम्यांत होते, तारीख मिळायला वेळ लागला. दोन सुनावण्या झाल्या. दोन्ही वेळा सोमा-जनीचा मजुरीचा दिवस बुडाला. दुसऱ्या सुनावणीला शेटने स्टँप पेपर पुढे केला. अधिकाऱ्यांनी तो वाचला आणि मला विचारलं, "ही सही तुमची ना?"

काय झालं

मुक्तता प्रमाणपत्र मिळालं नाही. मजूर सध्या मोकळे आहेत, आपसात तडजोड झालेली आहे, वेठबिगारी आढळून येत नाही, असा शेरा पडला. ते वाचून राग आला, पण कागद आम्हीच पुरवलेला होता. प्रमाणपत्र नाही म्हणून मदतही नाही. धक्काबुक्कीची बाब त्या अर्जात शेवटच्या परिच्छेदात होती. तिची वेगळी फिर्याद जनीने पुढे केली नाही. पाच महिने उलटून गेले होते आणि तिला पुन्हा पुन्हा तेच सांगायचं नव्हतं.

सोमाच्या खाचरात भात चांगलं आलं. आवणी संपल्यावर दोघांनी गावात बारा-तेरा दिवस मजुरी केली, रोज ३५० प्रमाणे. मुलगा शाळेत जाऊ लागला.

मग भाद्रपद आला. हा महिना मला नीट कळायला हे प्रकरण घडावं लागलं. आवणी संपलेली असते. हळवं भात कापायला आश्विन उजाडतो, गरव्याला त्याहून उशीर. रोजगार हमीची मातीकामं पावसात चालत नाहीत. घरातलं धान्य तळाला गेलेलं असतं, तापाची साथ असते, गौरी-गणपती तोंडावर असतात. वाडीत त्या दिवसांत कोणाकडेच रोकड नसते. पैसे घेऊन दारात येतो तो एकटा भट्टीवाला. त्याला व्याज नको असतं, कागद नको असतो, तो फक्त "दिवाळीनंतर ये" म्हणतो. सोमाने २०२२ला १२,००० घेतले ते याच महिन्यात, धाकट्याला दवाखान्यात न्यायला आणि घरात दाणे भरायला. आम्ही मे-जुलैमध्ये धावाधाव करतो. पण माणूस बांधला जातो तो भाद्रपदात, आपल्याच ओटीवर.

सरकारला ही तंगी कधी माहीतच नव्हती असं नाही. पावसाळ्यातल्या याच दिवसांसाठी आदिवासी विकास महामंडळाची खावटी कर्ज योजना होती. करोनाकाळात ती अनुदान म्हणून पुन्हा आणली आणि कुटुंबाला ४,००० रुपये दिले, निम्मे रोख आणि निम्म्याच्या वस्तू. ते एका वर्षापुरतं झालं.

२०२३च्या सप्टेंबरात, गणपतीच्या आधी, भट्टीचा माणूस वाडीवर आलाच. सोमाच्या शेटचा नव्हता, दुसऱ्या भट्टीचा. तोवर आम्ही दोन गोष्टींवर बोलत होतो. गावातल्या एका शेतकऱ्याने, सगळे त्यांना आप्पा म्हणतात, स्वतःहून सांगितलं की मी सोमाला ५,००० देतो, कापणीला त्याने माझ्याकडे यावं. आप्पा सज्जन आहेत, पण मला ते पटेना. कामाच्या बोलीवर आगाऊ पैसे म्हणजे उचलच, गाव जवळचं एवढाच फरक. यावर आमच्यात बराच वाद झाला. आमच्यातल्या एकाचं म्हणणं होतं की उपाशी माणसाला असली तत्त्वं कशाला सांगायची. शेवटी आप्पांनीच मार्ग काढला. त्यांनी आणि आणखी दोघा शेतकऱ्यांनी पैसे वाडीतल्या महिलांच्या बचत गटात ठेव म्हणून ठेवले. गटाने जनीच्या नावावर ५,००० कर्ज दिलं. फेड पैशात करायची, कामात नाही, आणि कोणाकडे कामाला जायचं ते तिने ठरवायचं. जनीने डिसेंबरपर्यंत ते फेडलं. कापणीला ती आप्पांकडे चार दिवस गेली आणि बाकीचे दिवस दुसरीकडे, जिथे २० रुपये जास्त मिळत होते. आप्पा कुरकुरले, पण बोलले नाहीत.

दिवाळीनंतर आम्ही ग्रामपंचायतीत रोजगार हमीचं काम लेखी मागितलं आणि तारखेची पोच घेतली. पोच असली की पंधरा दिवसांत काम नाहीतर बेरोजगार भत्ता, असा नियम आहे. काम मिळालं, ३८ दिवस, २७३ रुपये रोज. पैसे मात्र उशिरा उशिरा आले, आणि त्या मधल्या आठवड्यांत सोमा दोनदा म्हणाला की भट्टीवर निदान दर रविवारी खर्ची मिळते. त्याला उत्तर द्यायला माझ्याकडे काही नव्हतं.

त्या हंगामात ते भट्टीवर गेले नाहीत. जनीची बहीण आणि तिचा नवरा गेले, १५,००० उचल घेऊन. बचत गटाकडे दुसऱ्या कर्जापुरते पैसे नव्हते.

आता मागे पाहताना

तडजोडच करायची नाही, असं मी आजही म्हणणार नाही. रोप जून झालं असतं तर चार महिन्यांचं अन्न गेलं असतं, आणि पुढची उचल तेवढी मोठी झाली असती. पण पैसे द्यायला नको होते आणि सही तर नकोच होती. माणसं बाहेर काढण्याआधी तहसील कार्यालयात अर्ज देऊन पोच घ्यायला एक दिवस पुरला असता. ९ तारखेला रविवार होता, १० तारखेला ते करता आलं असतं. मग ११ तारखेला पोच दाखवून बोललो असतो तर शेटने कदाचित तशीच माणसं सोडली असती. नसती सोडली तरी अर्ज आधीचा राहिला असता. कागद लिहायचाच होता तर "हे कुटुंब आजपासून स्वतःच्या गावी जात आहे, रेशन कार्ड परत मिळाले" एवढंच पुरत होतं. "येणे" हा शब्द आम्ही मान्य केला आणि सगळा दावा तिथेच ढिला पडला.

वहीच्या पानांचे फोटो मी ९ तारखेलाच काढायला हवे होते. मी आकडे उतरवून घेतले, पण सुनावणीत माझ्या अक्षरातल्या कागदाला कोण विचारतो. रेघ मारलेल्या त्या १८,००० विटा मूळ पानावर दिसल्या असत्या तर प्रश्न वेगळे विचारले गेले असते.

आणि जनीशी वेगळं बोलायला हवं होतं, शेटच्या बांधावर नाही, सोमाच्या समोरही नाही. आता आमच्या गटात हे ठरलेलं आहे की जोडप्यातल्या दोघांशी स्वतंत्र बोलल्याशिवाय कुठलाच पर्याय निवडायचा नाही, घाई कितीही असो.

२०२४च्या दिवाळीनंतर सोमा-जनी पुन्हा भट्टीवर गेले, वेगळ्या शेटकडे. आम्हाला वाईट वाटलं, पण अडवलं नाही. या वेळी उचल ४,००० होती. थोरला मुलगा आजीजवळ वाडीवरच राहिला. जाण्याआधी त्याने आईला शंभर पानी वही आखून दिली, एका पानावर एक आठवडा. जनीला लिहिता येत नाही. ती दर संध्याकाळी शंभर विटांना एक रेघ ओढते आणि पावसाने गेलेल्या विटांच्या रेघा खोडत नाही.